प्रकाश पडताच मंदावणारा प्रवाह : प्रा. श्रीधर सर्वोत्तम जोशी

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो आणि रामन परिणामाची उजळणी होते. १९२८ साली कोलकात्यात लागलेला हा शोध शाळकरी मुलांनाही निदान नावाने ठाऊक असतो. त्यानंतर सुमारे एका तपाने आणखी एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव एका भौतिक घटनेला जोडले गेले. लंडनच्या ‘नेचर’ नियतकालिकात त्या घटनेवर टिपणे प्रसिद्ध झाली, ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत तिची छाननी झाली आणि दोन दशके भारतातील तरुण संशोधकांची एक पिढीच्या पिढी तिच्यामागे लागली. तिचे नाव ‘जोशी परिणाम’. ज्यांच्या नावाने ती ओळखली गेली ते प्रा. श्रीधर सर्वोत्तम जोशी बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. आज विज्ञानाच्या पदवीधरांनाही हे नाव सांगितले तर बहुधा प्रश्नार्थक मुद्राच पाहावी लागते.

कोल्हापूरकरांना बनारसचे विद्यापीठ परके वाटू नये. कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेले गणिती विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतल्यावर १९३२ मध्ये त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांचे पुत्र जयंतराव यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातच झाला, परंतु बालपण गेले ते बनारसच्या त्या विस्तीर्ण आवारात. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातील चारांपैकी पहिले नगर ते हेच. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली स्थापन केलेल्या या विद्यापीठाने देशभरातून गुणी अध्यापक वेचून आणले आणि त्यात मराठी मंडळींचा वाटा लक्षणीय होता. नारळीकरांचे नाव महाराष्ट्राने जपले. त्याच विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागाची धुरा वाहणाऱ्या आणि पुढे प्राचार्यपद भूषविणाऱ्या जोशी यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

जोशी हे भौतिकी रसायनशास्त्राचे अभ्यासक. रासायनिक क्रिया कोणत्या वेगाने घडते, तिला ऊर्जा कोठून मिळते, प्रकाश किंवा वीज यांनी ती कशी चाळवली जाते, हे या शाखेचे प्रश्न. त्यांच्या संशोधनाची घडण झाली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, प्रा. फ्रेडरिक जॉर्ज डॉनन यांच्या छत्राखाली. हेलियम, निऑन आदी निष्क्रिय वायूंचा छडा लावणारे विल्यम रॅम्झी यांच्या गादीवर १९१३ साली आलेले हेच डॉनन. भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात या गृहस्थांचे ऋण फार मोठे आहे. ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, शांतिस्वरूप भटनागर ही सारी मंडळी त्यांच्याच प्रयोगशाळेतून घडून आली. त्यांपैकी भटनागर १९२१ ते १९२४ या काळात बनारसला प्राध्यापक होते आणि त्या विद्यापीठाचे कुलगीतही त्यांनीच रचले. म्हणजे लंडनच्या एका प्रयोगशाळेतून गंगातीरी येणारी वाट जोशी यांच्यापूर्वीच मळलेली होती.

लंडनमध्ये जोशी यांनी निवडलेला विषय त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा ठरविणारा निघाला. नायट्रस ऑक्साइड हा वायू मूक विद्युत्-विसर्जनात ठेवला असता त्याचे विघटन कसे होते, हा तो विषय. फॅरेडे सोसायटीच्या नियतकालिकात १९२७ आणि १९२९ या वर्षांत त्यांचे निबंध क्रमशः प्रसिद्ध झाले. मूक विसर्जन म्हणजे काय हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढची सारी कथा त्याच नळीत घडते. १८५७ साली जर्मन अभियंते वेर्नर फॉन सीमेन्स यांनी ओझोन तयार करण्यासाठी एक साधन बनविले. एकात एक बसविलेल्या काचेच्या दोन नळ्या, त्यांच्यामधल्या अरुंद पोकळीत वायू आणि दोन्हींच्या कोरड्या बाजूंना विजेची जोडणी. कित्येक हजार व्होल्टचा उलटसुलट विद्युतदाब दिला की पोकळीत मंद निळसर उजेड पसरतो. मध्ये काच असल्यामुळे ठिणगीचा कडकडाट होत नाही, म्हणून विसर्जन मूक. वायू धातूला कोठेही शिवत नाही. तो शिवतो फक्त काचेला. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

बनारसला १९३०च्या दशकात जोशी यांच्या विभागात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. एक कलिलांचा. द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण क्षार घातल्यावर साकळून खाली कसे बसतात, त्या दरम्यान द्रावणाची चिकटपणाची मोजमापे काय सांगतात, यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह बरेच काम केले. डॉनन यांच्या शिष्याला ते शोभेसेच होते. दुसरा प्रवाह लंडनहून सोबत आणलेल्या विसर्जनाचा. पहिल्याने प्रतिष्ठा दिली, दुसऱ्याने नाव. कलिलांवरील त्या निबंधांत आज इतिहासकाराखेरीज कोणाला रस वाटेल असे मला वाटत नाही, तेव्हा ते बाजूला ठेवून आपण काचेच्या नळीकडे वळू.

या नळीत त्यांनी क्लोरीन भरला. प्रकाशरसायनशास्त्राच्या दृष्टीने क्लोरीन हा मुलखावेगळा वायू. हायड्रोजनशी त्याचे मिश्रण अंधारात स्वस्थ राहते आणि उन्हात स्फोट पावते; बुन्सेन आणि रॉस्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच मिश्रणावर प्रकाशाच्या रासायनिक परिणामांची पहिली काटेकोर मोजमापे केली होती. तेव्हा क्लोरीनवर प्रकाश पाडून काय होते हे पाहणे स्वाभाविकच होते. जोशी आणि त्यांचे सहकारी विसर्जन सुरू असताना नळीतून वाहणारा प्रवाह गॅल्व्हानोमापीने मोजत होते. शेजारी विजेचा दिवा. दिवा लावला की गॅल्व्हानोमापीवरचा ठिपका तत्क्षणी खाली येई. दिवा मालवला की तितक्याच तत्परतेने पूर्वपदावर जाई. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. अनुकूल परिस्थितीत प्रवाहाचा निम्म्याहून अधिक भाग असा केवळ उजेडाने नाहीसा होत असे. विशेष किरण नकोत, महागडी उपकरणे नकोत. घरातल्यासारखा दिवा पुरे. १९३९ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये याविषयीचे त्यांचे टिपण आले, पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात दुसरे, आणि १९४१ पासून ‘नेचर’मध्ये.

यात नवल ते काय, असे वाटेल. नवल घसरणीच्या दिशेत आहे. प्रकाश पडला की वीज अधिक सहज वाहते, हा तोवरचा सर्वसाधारण अनुभव. सेलेनियमच्या कांडीचा रोध उजेडात कमी होतो हे १८७३ साली दिसले होते. धातूवर अतिनील किरण पडले की त्यातून ऋणभार निसटतो हे हर्ट्झ आणि हालवाक्स यांनी १८८०च्या दशकात दाखविले आणि आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याचा अर्थ लावला. प्रकाशाने भारवाहक वाढतात. मग प्रवाह वाढायला हवा. इथे तो घटत होता.

सोपी उत्तरे एकेक करून बाद झाली. क्लोरीन प्रकाशाने तापतो आणि प्रसरण पावतो, हे बुडे या शास्त्रज्ञाने पूर्वीच दाखविले होते. पण तापायला आणि निवायला वेळ लागतो, हा बदल मात्र तात्काळ होता. प्रकाशाने वायूचे थेट आयनीभवन होते म्हणावे, तर जांभळ्या प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि क्लोरीनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला साडेअकरा लागतात. क्लोरीनच्या रेणूचे दोन अणू प्रकाशाने विलग होतात हे खरे. त्यासाठी निळा-जांभळा प्रकाश लागतो आणि परिणामही त्याच टोकाला अधिक ठळक होता. पण क्लोरीन जवळजवळ शोषतच नाही असा तांबडा प्रकाशही काही प्रमाणात प्रवाह घटवीत होता. वायूने जो प्रकाश गिळलाच नाही, त्याने वायूचे काय बिघडवले?

या प्रश्नाला जोशी यांनी दिलेले उत्तर हा त्यांच्या कार्याचा गाभा होय, आणि माझ्या मते प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षाही ते अधिक मोलाचे आहे. त्यांनी लक्ष वायूवरून काढून भिंतीवर नेले. विसर्जन सुरू असताना काचेच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू, आयन आणि इलेक्ट्रॉन यांचा एक अधिशोषित थर तयार होतो, असे त्यांनी मांडले. या थरातले इलेक्ट्रॉन सैलसर बांधलेले असतात, इतके की दृश्य प्रकाशही त्यांना सोडवू शकतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पोकळीत येतो, तो क्लोरीनच्या गराड्यात. इलेक्ट्रॉनची सर्वाधिक हाव असलेले मूलद्रव्य क्लोरीनच. अणू तो गिळंकृत करून ऋण आयन बनतो. चपळ इलेक्ट्रॉनच्या जागी आता त्याच्या सुमारे पासष्ट हजार पट वजनाचा आयन, विद्युत्क्षेत्रात रेंगाळणारा. असे आयन पोकळीत दाटले की त्यांचा ऋणभार इतर इलेक्ट्रॉनांचीही वाट अडवितो आणि एकूण प्रवाह घटतो. प्रकाशाने भारवाहक वाढले हे खरेच, पण ते वाढणेच अडथळा ठरले. घटना इलेक्ट्रॉनलोभी वायूंत प्रकर्षाने का दिसते, नळी विसर्जनात काही काळ मुरल्यावर ती का पालटते, तांबड्या प्रकाशालाही ती दाद का देते, या सगळ्यांची संगती या एका चित्राने लागत होती.

हे सारे घडले तो काळ युद्धाचा आणि चळवळीचा. बनारसचे विद्यापीठ १९४२ च्या ऑगस्ट आंदोलनात होरपळत होते, कुलगुरुपदी डॉ. राधाकृष्णन होते. १९४३ च्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अध्यक्षपदी पंडित नेहरूंची निवड झाली होती, पण ते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान. लखनौला ठरलेले अधिवेशन अखेर कोलकात्यात भूवैज्ञानिक डी. एन. वाडिया यांच्या अध्यक्षतेखाली झाले. या अधिवेशनात रसायनशास्त्र विभागाचे अध्यक्षपद जोशी यांच्याकडे होते आणि तेथील अध्यक्षीय भाषणात त्यांनी आपल्या शोधाची समग्र मांडणी केली. नंतरची अनेक वर्षे या विषयावरील जवळजवळ प्रत्येक निबंध याच भाषणाचा हवाला देऊन सुरू होत असे. ‘जोशी परिणाम’ हे नाव निबंधांच्या मथळ्यांत दिसू लागले तेही याच दशकात.

मग विस्ताराचे पर्व आले. ब्रोमीन आणि आयोडीनच्या वाफा, ऑक्सिजन, हवा, पाऱ्याची वाफ. काच बदलून, दाब बदलून, तापमान बदलून, प्रकाशाचा रंग बदलून. काही ठिकाणी प्रवाह घटण्याऐवजी वाढत असल्याचेही आढळले आणि धन परिणाम व ऋण परिणाम असे दोन प्रकार मानले गेले. विसर्जनाचा प्रवाह सलग नसतो. त्यात अतिशय वेगवान स्पंदने असतात आणि प्रकाशाचा बडगा मुख्यतः या उच्च वारंवारतेच्या भागावर पडतो, हेही बनारसच्या प्रयोगशाळेत ध्यानात आले. शेजारच्या भौतिकशास्त्र विभागात रं. कृ. असुंडी यांनी वर्णपटशास्त्राची परंपरा रुजविली होती. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातील पट्ट्यांना त्यांचे नाव आहे. एकाच आवारात नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन घटनांचे अभ्यासक वावरत होते, ही गोष्ट त्या विद्यापीठाच्या ऐन बहराची साक्ष म्हणावी लागेल.

याच विस्तारात पुढच्या विस्मृतीची बीजेही असावीत. निबंधांची संख्या वाढत गेली, पण त्यांतील बरेचसे एका साच्याचे होते: अमुक वायूत, अमुक दाबाला, प्रवाहात इतके टक्के घट. घटीची टक्केवारी हेच मापन होऊन बसले. आता ज्या थरावर सगळा डोलारा उभा होता तो थर मोठा लहरी. काच कशी धुतली, नळी किती वेळ विसर्जनात ठेवली, वायूत ओलाव्याचा अंश किती, यावर आकडे बदलत. पृष्ठभागाची रेणूपातळीवर तपासणी करणारी अतिनिर्वात साधने तेव्हा जगातच नव्हती, बनारसला कोठून असणार? भिंतीवर थर आहे हे मानावे लागत होते, तो दाखविता येत नव्हता. रामन यांच्या शोधाला वर्णपटाची रेषा होती. ती कोणीही, कोठेही, छायाचित्रण पट्टीवर टिपू शकत होता आणि ती रेणूविषयी नवे काही सांगत होती. जोशी यांचा परिणाम डोळ्यांना दिसायला अधिक सोपा, पण अर्थ लावायला कितीतरी गुंतागुंतीचा. रामन यांच्याशी तुलना करून जोशी यांच्यावर अन्याय झाल्याचे हळहळत सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. दोन शोधांची जातकुळीच वेगळी होती.

शिवाय प्रकाशाने विसर्जनाचा प्रवाह घटण्याचे उदाहरण आधीही होते. हॉलंडमधील पेनिंग यांनी १९२८ साली निऑनच्या विसर्जनावर दुसऱ्या निऑन दिव्याचा उजेड पाडला आणि विसर्जनाच्या विद्युत्-गुणधर्मांत बदल टिपला होता. तिथले कारण निराळे: निऑनचे दीर्घकाळ उत्तेजित राहणारे अणू प्रकाशाने रिकामे होतात आणि आयनीभवनाचा एक मार्ग बंद होतो. तो परिणाम वायूच्या आतला, जोशी यांचा भिंतीवरचा. दोन्हींची गल्लत करू नये, पण जोशी यांच्या पूर्वी कोणी असे काही पाहिलेच नव्हते असेही म्हणू नये.

परदेशातून या कामाची सर्वांत गंभीर दखल घेतली ती ऑक्सफर्डच्या हॅरीस आणि फॉन एंगेल यांनी. फॉन एंगेल हे वायूंतील विसर्जनाचे जाणते अभ्यासक; आयनीभूत वायूंवरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. या दोघांनी १९५१ आणि १९५४ मध्ये क्लोरीनच्या विसर्जनावरील प्रकाशाच्या परिणामाचे प्रयोग प्रसिद्ध केले. दुसरा निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात आला. त्यांचाही भर भिंतीवरून प्रकाशाने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरच होता. म्हणजे जोशी यांच्या चित्रातला मुख्य धागा टिकला.

त्यानंतर मात्र विषय हळूहळू ओसरला. विद्यार्थी निरनिराळ्या विद्यापीठांत पांगले. त्यांच्यापैकी महाराष्ट्राला परिचित नाव म्हणजे ह. जी. अर्णीकर. बनारसला जोशी परिणामावर काम केलेले अर्णीकर पुढे पॅरिसला फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि १९६०च्या दशकात पुणे विद्यापीठात रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. अणुरसायनशास्त्र भारतीय विद्यापीठांत रुजविणाऱ्यांत त्यांची गणना होते; त्या विषयावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले. काचेची दुहेरी नळी मात्र त्यांच्याबरोबर पुण्यात मुक्कामाला आली नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची महाविद्यालये १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पुणे विद्यापीठाशीच जोडलेली होती, तरी भौतिकी रसायनशास्त्राच्या आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांत जोशी परिणामाला एखादा परिच्छेद मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

नळीचा इतिहास तेथे संपत नाही. फ्रान्समधील नीस शहराने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध करण्यास आरंभ केला होता. आज जगभरच्या जलशुद्धीकरण केंद्रांत मूक विसर्जनाची ही साधने चालतात. प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांवर शाई धरावी म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करणे, विशिष्ट तरंगलांबीचे अतिनील दिवे बनविणे, अशीही कामे ते विसर्जन करते. १९७६ मध्ये अमेरिकेत लेझरच्या साहाय्याने पेनिंग यांचे निरीक्षण पुन्हा हाती घेतले गेले आणि त्यातून विसर्जनाच्या प्रवाहातील चढउतारावरून वर्णपट वाचण्याची एक स्वतंत्र पद्धतच निर्माण झाली. लेझरची तरंगलांबी तपासण्यासाठी निऑनच्या दिव्याचा तसा उपयोग प्रयोगशाळांत रूढ झाला. आणि भिंतीचे म्हणाल, तर विद्युतरोधक भिंतीवर साठलेला भार हा या विसर्जनाचा सूत्रधार आहे, हे आता मान्य झाले आहे.

जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१०च्या दशकात या भिंतीवर साठलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाने सोडविण्याचे प्रयोग केले. प्रकाशाचा झोत काचेवर पडला, इलेक्ट्रॉन सुटले आणि विसर्जन एरवीपेक्षा कमी विद्युतदाबाला पेटले. नळीत हेलियम होता, क्लोरीन नव्हे. आणि दिव्याच्या जागी लेझर होता.